सुट्या सुरांची जुळणी

डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडचा ‘हिस्टेरिया’ हा अल्बम ३ ऑगस्ट १९८७ रोजी प्रसिद्ध झाला. बारा गाणी, तासाभराहून थोडं अधिक संगीत आणि त्यामागे तीन वर्षांचं काम. जगभरात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या; त्यातल्या एक कोटी वीस लाख एकट्या अमेरिकेत. एवढं यश मिळूनही रॉकच्या जाणत्या श्रोत्यांच्या मनात या अल्बमविषयी अढी राहिली ती राहिलीच. हे संगीत वाजवलेलं नाही, जुळवलेलं आहे, असा त्यांचा आक्षेप. पाच माणसं एका खोलीत उभी राहून वाजवतात तेव्हा जी धग निर्माण होते ती इथे कुठेच नाही, यंत्राने माणसाला बाजूला सारलं आहे, असं ते म्हणतात. आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो, कारण त्यात घटनांचा क्रमच उलटा लागलेला असतो. ‘हिस्टेरिया’ची कथा सांगताना बहुतेक जण म्हणतात की ड्रमर रिक ॲलनचा हात अपघातात गेला आणि म्हणून बँडला यंत्रांचा आधार घ्यावा लागला. तारखा तपासल्या की वेगळंच चित्र दिसतं. सुटे आवाज घेऊन त्यांतून गाणं उभारायची पद्धत या बँडने अपघाताच्या आधीच पत्करली होती, आणि ज्या पद्धतीला माणूसघाणी म्हटलं गेलं तिच्यामुळेच एका हाताच्या ड्रमरची जागा बँडमध्ये शाबूत राहिली.

या अल्बमला ग्लॅम मेटल म्हणावं की नाही, यावरही वाद आहे आणि तो अगदीच निरर्थक नाही. ग्लॅम मेटलचं माहेर लॉस एंजेलिसचा सनसेट स्ट्रिप. व्हिस्की ए गो गो, रॉक्सी, गॅझारीज अशा क्लबांमधून मॉटली क्रू, रॅट, क्वाएट रायट हे बँड वर आले. फुगवलेले केस, रंगवलेले चेहरे, चामडी कपडे आणि एकदा ऐकून तोंडी बसणारी धृपदं ही त्यांची खूण. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये क्वाएट रायटचा ‘मेटल हेल्थ’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि या संगीताला मोठी बाजारपेठ आहे हे कंपन्यांना कळलं. डेफ लेपर्डची मुळं या रस्त्यावर नाहीत. ते उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्डचे. बँड १९७७ मध्ये सुरू झाला, तेव्हा गायक जो एलियट एका अवजारांच्या कंपनीत नोकरी करत होता आणि तालमी चालत त्या चमचे बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागेत. रिक ॲलन १९७८ मध्ये आला, तो जेमतेम पंधरा वर्षांचा असताना. पण ग्लॅम या शब्दावर हक्क सांगायचा तर तो लॉस एंजेलिसपेक्षा या मुलांचाच जास्त. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर टी. रेक्स, स्लेड, स्वीट, मॉट द हूपल, डेव्हिड बोवी यांना पाहत ही पिढी वाढली होती. ‘हिस्टेरिया’मधलं ‘रॉकेट’ हे गाणं त्या काळातल्या कलावंतांची आणि गाण्यांची नावं गुंफूनच रचलेलं आहे. अमेरिकन बँडांनी ग्लॅमची वेशभूषा उचलली. डेफ लेपर्डने त्याची गाण्याची घडण उचलली. पायाने ठेका धरायला लावणारा संथ, जड ताल, घोळक्याने ओरडून म्हणायची ओळ, अर्थापेक्षा नादावर चालणारे शब्द, हे सगळं तिथूनच आलं.

शेफील्ड म्हटलं की पोलाद आणि पोलाद म्हटलं की मेटल, अशी एक सोपी साखळी नेहमी जोडली जाते. ती टिकत नाही. स्टेनलेस स्टीलचं हे शहर, १९८० च्या तेरा आठवड्यांच्या पोलाद संपात होरपळलेलं. पण त्याच गल्ल्यांमधून त्याच वर्षांत कॅबरे व्होल्टेअर आणि ह्यूमन लीग हे सिंथेसायझरवर गाणारे गटही निघाले. ह्यूमन लीगचा १९८१ चा ‘डेअर’ ड्रमरशिवाय, ताल-यंत्रावर रचलेला आहे. भट्ट्यांच्या आवाजातून संगीत जन्मतं असं मानलं, तर एकाच भट्टीतून दोन इतकी वेगळी संगीतं कशी निघाली, याचं उत्तर द्यावं लागेल. या शहराच्या जुन्या धंद्यातली दुसरी एक गोष्ट मात्र इथे आठवण्याजोगी आहे. शेफील्डची सुरी एका हातून तयार होत नसे. पातं घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. भाड्याच्या छोट्या कोठड्यांत बसून प्रत्येक कारागीर आपापलं काम करी आणि पातं एका दारातून दुसऱ्या दारात जाई. डेफ लेपर्डने हे पाहून आपली पद्धत ठरवली असा पुरावा नाही, आणि मी तसं सुचवतही नाही. जुळवलेली वस्तू आणि हाताने केलेली वस्तू या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत, हे गृहीतक मात्र या उदाहरणापुढे उभं राहत नाही, आणि ‘हिस्टेरिया’वरचा सगळा आक्षेप त्याच गृहीतकावर उभा आहे.

बँडला ही पद्धत मिळाली ती रॉबर्ट जॉन लँगकडून. संगीतसृष्टी त्याला मट लँग म्हणून ओळखते. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात जन्मलेला आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेला हा निर्माता. रॉकमध्ये निर्माता म्हणजे पैसे घालणारा नव्हे. गाण्याची बांधणी, वादन, आवाज यांवर अखेरचा हात फिरवणारा माणूस. एसी-डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ हा १९८० चा अल्बम त्याच्याच हातचा. डेफ लेपर्डबरोबर त्याने १९८१ मध्ये ‘हाय अँड ड्राय’ केला आणि १९८३ मध्ये ‘पायरोमेनिया’. इतिहासाच्या दृष्टीने ‘पायरोमेनिया’ फार महत्त्वाचा, कारण नंतरचा सगळा वाद ज्यावर होतो ते बहुतेक सगळं इथेच घडून गेलेलं आहे. ड्रमच्या आवाजांचे नमुने घेऊन ते फेअरलाइट या संगणकी वाद्यात साठवायचे आणि तिथून हवे तसे मांडायचे, हे तंत्र लँगने या अल्बममध्ये वापरलं. त्या वेळी रिक ॲलनचे दोन्ही हात धडधाकट होते. ‘पायरोमेनिया’ अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वर मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ठाण मांडून बसला होता. पुढच्या अल्बमची कल्पना इथून आली. ‘थ्रिलर’मधल्या नऊपैकी सात गाणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध होऊन गाजली. तसाच अल्बम कडक रॉकमध्ये का करता येऊ नये, असा प्रश्न लँगने बँडपुढे ठेवला. भरतीचं एकही गाणं असू नये आणि प्रत्येक गाणं रेडिओवर एकट्याने उभं राहावं, अशी ही महत्त्वाकांक्षा होती. ‘हिस्टेरिया’तलीही बारापैकी सात गाणी पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, हा योगायोग नव्हता.

काम १९८४ च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये सुरू झालं, आणि लवकरच लँग थकव्यामुळे बाजूला झाला. एकामागून एक मोठे अल्बम केल्याचा तो शीण होता. त्याच्या जागी जिम स्टाइनमन आला, ‘बॅट आउट ऑफ हेल’चा गीतकार-संगीतकार. यापुढचे महिने या अल्बमच्या इतिहासात अपयशाचे म्हणून घाईने उरकले जातात. मला ते सर्वांत बोलके वाटतात. स्टाइनमनला बँड जसा वाजतो तसा पकडायचा होता, त्या क्षणाच्या खडबडीतपणासह. टीकाकार ज्या धगीची मागणी करतात तीच त्याला हवी होती. बँडने ती नाकारली. त्यांना अधिक मोठा, अधिक घोटीव आवाज हवा होता. स्टाइनमनची रजा झाली आणि बँडने लँगचा ध्वनिअभियंता नायजेल ग्रीन याला घेऊन स्वतःच प्रयत्न सुरू केला. हे सगळं १९८४ मध्येच घडलं. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, शेफील्डबाहेरच्या रस्त्यावर रिक ॲलनची मोटार उलटली आणि त्याचा डावा हात तुटला. शल्यचिकित्सकांनी तो पुन्हा जोडला, पण जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. ॲलन तेव्हा एकवीस वर्षांचा होता. म्हणजे सुट्या आवाजांची पद्धत आधी, ती नाकारून एकत्र वादनाकडे जायचा पर्याय समोर असताना बँडने केलेली निवड त्यानंतर, आणि अपघात शेवटी. अपघाताने पद्धत जन्माला घातली हे म्हणणं या क्रमापुढे टिकत नाही.

अपघातानंतर बँडने दुसरा ड्रमर शोधला नाही. पुढे काय करायचं ते ॲलनने ठरवावं, असं इतर चौघांनी मानलं. मैत्री त्यामागे होतीच; पण मैत्रीला काळाची साथ लागते, आणि ठरावीक तारखांना स्टुडिओत उभं राहून एकत्र वाजवणाऱ्या बँडकडे तो काळ नसतो. तिथे ड्रमर हा पाया असतो. तो नसेल तर बाकी कुणाचंच ध्वनिमुद्रण सुरू होत नाही. लँगच्या पद्धतीत गिटार, गायन, समूहस्वर हे सगळं तात्पुरत्या यांत्रिक ठेक्यावर आधी घेता येत असे, आणि ड्रमला अखेरचं रूप सर्वांत शेवटी मिळे. म्हणजे ॲलनला वाट पाहायला वर्षभराहून अधिक अवधी मिळाला आणि त्याच्यामुळे कुणाचं काम अडलं नाही. या अवधीत त्याने स्वतःचं वादन नव्याने रचलं. डावा हात जे करी ते डाव्या पायाकडे सोपवलं. सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमना पायाने दाबायच्या पट्ट्या जोडून घेतल्या, म्हणजे उजवा हात आणि दोन पाय मिळून पूर्ण ठेका उभा राहील. इथे एक रास्त शंका येते. आवाज यंत्रात साठवलेले असतील, तर ॲलनने अल्बममध्ये केलं तरी काय? उत्तर स्टुडिओच्या बाहेर शोधावं लागतं. १९८६ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या काही छोट्या कार्यक्रमांत बँडने आधारासाठी स्टेटस क्वो या बँडचा जेफ रिच हा दुसरा ड्रमर बरोबर ठेवला होता. एके दिवशी त्याला पोहोचायला उशीर झाला, ॲलनने एकट्याने कार्यक्रम सुरू केला, आणि दुसऱ्या ड्रमरची गरज नाही हे सगळ्यांना दिसलं. १६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे त्याने एकट्याने वाजवलं. स्टुडिओतल्या यंत्राने त्याच्याऐवजी वाजवलं असं ज्यांना वाटतं त्यांनी या तारखेचं स्पष्टीकरण द्यावं. अल्बम अजून वर्षभर लांब होता.

लँग १९८५ मध्ये परतला आणि आधीचं बरंचसं काम बाजूला टाकून पुन्हा सुरुवात झाली. नेदरलँड्समधलं हिल्व्हरसम, डब्लिन, पॅरिस अशा ठिकाणच्या स्टुडिओंमधून ते चालू राहिलं. मध्ये एलियटला गालगुंड झालं, लँगलाही मोटार अपघात झाला. कामाचं स्वरूप पाहिलं तर ‘यंत्राने केलेलं’ हे विशेषण किती अपुरं आहे ते कळतं. स्टीव्ह क्लार्क आणि फिल कॉलन यांची गिटार बऱ्याच ठिकाणी रॉकमन या, हातात मावेल एवढ्या उपकरणातून ध्वनिमुद्रित झाली. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने ते बनवलं होतं. मोठ्या ॲम्प्लिफायरची गर्जना त्यात नाही, पण रेखीव, पातळ आवाज मिळतो आणि असे पातळ आवाज एकावर एक रचता येतात. काही ठिकाणी एका कॉर्डमधले स्वर एकत्र न छेडता एकेक करून घेतले, म्हणजे प्रत्येक स्वर स्वच्छ राहील आणि त्यांची बेरीज कुणाही एका वादकाच्या हातून न निघणारी होईल. धृपदांमधला तो प्रचंड समूहस्वर म्हणजे बँडच्या सदस्यांनी आणि खुद्द लँगने पुन्हा पुन्हा गाऊन चढवलेले थर. हे सगळं करायला माणसं लागली, त्यांचे कान लागले, कंटाळा न करणारी चिकाटी लागली. बाराही गाण्यांच्या श्रेयात लँगचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. या पद्धतीत रचना आणि ध्वनिमुद्रण यांच्यातली सीमारेषा पुसलेली असते. ‘पोर सम शुगर ऑन मी’ हे सगळ्यांत गाजलेलं गाणं तर जवळजवळ सगळं काम संपल्यावर सुचलं. एलियट सहज गिटार छेडत होता, लँगने ते ऐकलं आणि दोघांनी ते गाणं तिथेच पुढे नेलं. इतक्या आखीव कारभारात अशा उत्स्फूर्त क्षणाला जागा होती, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटते.

या आक्षेपाची सगळ्यांत भक्कम बाजू ‘अॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ दाखवून मांडली जाते. गन्स एन् रोझेसचा हा अल्बम ‘हिस्टेरिया’च्या दोन आठवडे आधी, २१ जुलै १९८७ रोजी आला. दोन्ही हळूहळू चढले; ‘हिस्टेरिया’ अमेरिकेत १९८८ च्या जुलैअखेर पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ‘अॅपेटाइट’. एक गुळगुळीत, एक रांगडा. एक बनवलेला, एक घडून गेलेला, अशी जोडी तेव्हापासून लावली जाते. दोन्हींच्या आवाजातला फरक खरा आहे आणि ‘अॅपेटाइट’ला हवेतली ठिणगी आहे हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. पण तो अल्बम तरी कसा झाला? स्टीव्हन ॲडलरचे ड्रम सहा दिवसांत संपले, हे खरं. ॲक्सल रोझने मात्र गायनाची एकेक ओळ स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करायचा आग्रह धरला आणि त्याला ड्रमपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. म्हणजे रांगडेपणाचा जो चेहरा आहे, तो आवाजच तुकड्यातुकड्यांनी जुळवलेला आहे, आणि त्याने त्या आवाजाचा खरेपणा जराही उणावत नाही. ध्वनिमुद्रण सुरू झाल्यापासून त्यात खटपट आहेच. वेगळं असतं ते तिचं प्रमाण आणि ती झाकायची की मिरवायची हा निर्णय. ‘हिस्टेरिया’ने ती मिरवली.

पैशाचा आक्षेप याहून वेगळा आहे. खर्च इतका झाला होता की तो भरून निघायला पन्नास लाख प्रती खपायला हव्यात असा बँडचा हिशेब होता, आणि प्रत्येक गाणं विकलं जावं हे उद्दिष्ट तर सुरुवातीपासूनच होतं. मात्र बाजाराची नाडी ओळखून बनवलेली वस्तू बाजारात अशी चालत नाही. अमेरिकेत आधी निवडलेलं ‘विमेन’ हे गाणं यादीत ऐंशीच्या घरातच राहिलं. प्रसिद्धीनंतर जवळजवळ वर्षभराने अल्बम पहिल्या क्रमांकावर आला, तो ‘पोर सम शुगर ऑन मी’ एमटीव्हीवर गाजल्यानंतर. ‘लव्ह बाइट्स’ ऑक्टोबर १९८८ मध्ये अव्वल ठरलं. गाण्यांतल्या स्त्रियांविषयीचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पालकांच्या पीएमआरसी या संघटनेने १९८५ मध्ये आक्षेपार्ह गाण्यांची जी यादी केली तीत डेफ लेपर्डचंही एक जुनं गाणं होतं. ते दारूविषयीचं होतं आणि ती यादी फाजील होती. पण ‘हिस्टेरिया’त स्त्री बहुतेक वेळा केवळ देह म्हणून येते. शब्द नादासाठी जुळवलेत हे स्पष्टीकरण आहे, समर्थन नाही. आवाजावर तीन वर्षं घालवणाऱ्यांनी शब्दांवर तीन महिने घालवले असते तर अल्बम आणखी मोठा झाला असता, असं मला वाटतं.

पद्धतीच्या बाजूने एक उशिरा आलेला पुरावाही आहे. आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या डिजिटल विक्रीतल्या मोबदल्यावरून बँडचा कंपनीशी वाद झाला, आणि २०१२ मध्ये त्यांनी ‘रॉक ऑफ एजेस’ आणि ‘पोर सम शुगर ऑन मी’ ही गाणी नव्याने, अगदी पहिल्यासारखी ध्वनिमुद्रित केली. पुढच्या वर्षी ‘हिस्टेरिया’ हे शीर्षकगीतही. स्वतःच्याच गाण्याची हुबेहूब नक्कल करायची होती, यंत्रं पूर्वीपेक्षा शतपटीने सोयीची झाली होती, तरी मूळचे एकेक आवाज शोधून काढायला त्यांना जिकिरीचं काम करावं लागलं. यंत्रातून निघालेली वस्तू यंत्रातून सहज पुन्हा निघायला हवी होती. मूळ अल्बम अखेर २०१८ च्या जानेवारीत ऑनलाइन आले. तोपर्यंत लँगची पद्धत सर्वत्र पसरली होती. लँगनेच केलेल्या शनाया ट्वेनच्या अल्बमांमधून ती कंट्री संगीतात गेली, आणि आज लोकप्रिय संगीतात गाणं थरांनी रचण्याला कुणी वेगळं नाव देत नाही.

पद्धतीची मर्यादा मात्र स्टीव्ह क्लार्कच्या बाबतीत दिसते, आणि ॲलनची गोष्ट सांगून ही वगळली तर हिशेब खोटा होईल. क्लार्क या बँडचा सर्वांत कल्पक गिटारवादक होता, आणि दारूत बुडालेला होता. ॲलनला वेळ मिळाला तसा त्यालाही मिळाला. १९९० मध्ये बँडने त्याला सहा महिन्यांची सुट्टी दिली. ॲलनला वेळेचं काय करायचं ते ठाऊक होतं, कारण त्याच्यापुढे शिकायचं काहीतरी होतं. क्लार्कला मिळालेला वेळ मोकळा होता. ८ जानेवारी १९९१ रोजी, तिसाव्या वर्षी, लंडनच्या घरी त्याचा मृत्यू झाला. पुढचा अल्बम ‘अॅड्रेनलाइज’ १९९२ मध्ये आला. त्यातलं क्लार्कचं वादन फिल कॉलनने त्याच्या कच्च्या ध्वनिफिती ऐकून, त्याच्या ढंगात, आपल्या वादनाबरोबरच वाजवून घेतलं; दोन गिटारांचं काम एका माणसाने केलं. सुट्या आवाजांच्या पद्धतीत हे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य होतं. तोही अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण ‘हिस्टेरिया’तल्या दोन गिटारी एकमेकींना अडवत, उत्तर देत जे बोलतात ते त्यात नाही.